नंतर बघू

आमच्या कॉम्प्युटर विभागात त्याला सगळे सामसूम म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता आठवत नाही, बहुधा मीच ठेवलं असेल. तो खोलीत असतानाही त्याची खुर्ची रिकामी वाटायची, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या कामात होतं. त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कधी पडत नसे. बाकीच्यांच्या कामात आठवड्यातून दोनदा तरी बोंब उठायची, स्क्रीन लाल व्हायचा, वॉर्डातून फोन यायचे की सिस्टीम बंद आहे, पेशंट खोळंबलेत. सामसूमच्या कामातून हूं की चूं येत नसे. साहेब नव्या माणसांना त्याच्या टेबलापाशी आणून सांगायचे, याच्याकडून शिका, इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. तो मान खाली घालून टायपिंग करत राहायचा.

माझं काम त्याच्या उलट. मी तपासनीस. दुसऱ्यांनी लिहिलेलं मोडून दाखवायचं, याचा मला पगार मिळतो. वयाच्या रकान्यात उणे चार लिहायचं, नावाच्या जागी नुसता स्वल्पविराम द्यायचा, एकच बटण दहा वेळा दाबायचं. सामसूम मला चाळणी म्हणायचा. अकरा वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. मागे वळायचं असेल तर आधी खुर्चीवर टकटक करायची, असा आमचा अलिखित नियम होता.

आमची खोली रुग्णालयाच्या तळघरात आहे. एका भिंतीपलीकडे धुलाईखाना. दिवसभर तिथे चादरी फिरत असतात आणि भिंतीला हात लावला तर ती आजारी जनावरासारखी थरथरते. वरच्या चार मजल्यांवर काय चाललंय ते आम्हाला दोनच गोष्टींतून कळतं, स्क्रीनवरच्या ओळी आणि खाली येणारे चादरींचे गठ्ठे.

सामसूमनं लिहिलेल्या सगळ्या कामांत त्याचं लाडकं काम एकच होतं. ते निरोपांचं. रुग्णालयाच्या वेबसाइटवर एक पान आहे. ज्यांना भेटीला येता येत नाही त्यांनी तिथे पेशंटचं नाव, वॉर्ड, खाट क्रमांक आणि निरोप लिहायचा, खाली स्वतःचा फोन नंबर द्यायचा. रोज सकाळी त्या निरोपांचे कागद छापले जातात आणि अकरा वाजता एक बाई ते घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरते, खाटेपाशी उभी राहून वाचून दाखवते. तिला सगळे निरोपबाई म्हणतात. तिचा आवाज सपाट आहे, रेल्वेच्या घोषणेसारखा, पण म्हातारी माणसं तिच्याकडून एकच कागद दोनदा वाचून घेतात.

खाट क्रमांकाच्या रकान्याखाली सामसूमनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘माहीत असल्यास’. दूरच्या माणसाला खाटेचा नंबर कुठून ठाऊक असणार, असं तो म्हणाला होता. नंबर नसेल तर नावावरून शोधता येईल. आणि बटण दाबल्यावर स्क्रीनवर यायचं, ‘तुमचा निरोप पोहोचला.’ तेव्हा मी त्याच्याशी हुज्जत घातली होती. पोहोचला हा फार मोठा शब्द आहे, नुसतं ‘मिळाला’ म्हण. तो म्हणाला, लांबून लिहिणाऱ्याला पोच हवी असते, बाकी काही नको असतं. मी म्हटलं, तुला मेल्याला लोकांशी बोलायची पोच नाही आणि तू लोकांना पोच देतोस. तो हसला होता. त्याचं हसणं मी मोजून चार-पाच वेळा पाहिलं असेल, त्यातलं ते एक.

त्याच्या घरची गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, जिन्यात उभ्यानं चहा पिताना, आणि सांगून झाल्यावर कप न धुताच निघून गेला.

सहा वर्षांपूर्वी त्याची आई इथेच, वरती, चौथ्या वॉर्डात एकोणीस नंबरच्या खाटेवर अकरा दिवस होती. त्याचा थोरला भाऊ, दादा, मालवाहू जहाजावर इंजिनियर. दादाच्या लग्नावरून आई आणि दादा यांच्यात दोन वर्षं अबोला होता. आईला वाटायचं त्यानं आधी बोलावं, दादाला वाटायचं तिनं. मधे हा. यानं दोघांनाही बजावलं होतं की मला मध्ये घालू नका. आई आजारी पडल्यावर यानं दादाला दोन ओळींचा ईमेल केला. आई आमच्या रुग्णालयात आहे, वॉर्ड चार. तिला काही सांगायचं असेल तर खालच्या पानावर लिही, तिला वाचून दाखवतील. आणि पानाचा पत्ता. बस्स. आई खाटेवरून म्हणायची, त्याला फोन लाव की रे. हा म्हणायचा, नंतर बघू, आई.

अकराव्या दिवशी ती गेली. बाराव्या दिवशी दादा कुठल्याशा बंदरात उतरून, तीन विमानं बदलून घराच्या दारात उभा राहिला. आईच्या खोलीत तिचा चष्मा अजून उशाशी होता. तिथे दोघांचं वाजलं. हा म्हणाला, तू एक ओळ लिहिली नाहीस. दादा म्हणाला, मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा निरोप पोहोचला असं आलं. तेव्हा यानं जे उत्तर दिलं ते त्यानं मला जसंच्या तसं ऐकवलं:

“ती सिस्टीम मी लिहिलीय, दादा. तिच्यात आलेलं सगळं यादीत दिसतं. मी यादी पाहिली. तुझं नाव नाही. खोटं बोलायचं तर निदान नीट बोल.”

दादानं आणलेली बॅग उघडलीही नाही. दारातूनच परत गेला. वहिनी अधूनमधून मुलीचे फोटो पाठवायची, मग तेही थांबलं. सहा वर्षं.

ही गोष्ट ऐकली तेव्हा मीही मनात म्हटलं होतं, दादा खोटारडा. सामसूमचं काम मी तपासलं होतं. चुकणार कसं?

यंदा जुना सर्व्हर काढून नवा बसवायचं ठरलं, म्हणून सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं. दुपारी दीडच्या सुमाराला मी निरोपांच्या पानावर होते. खोटं नाव, खोटा वॉर्ड. खाटेच्या रकान्यात माझी बोटं आपोआप बारा लिहितात, वर्षानुवर्षांची सवय. बारा हा माझ्या लहानपणीच्या घराचा नंबर. त्या दिवशी मधेच धुलाईखान्यातून कोणीतरी कुलपाची किल्ली मागायला आलं. परत बसले तेव्हा रकाना भरायचा राहून गेला. बटण दाबलं.

तुमचा निरोप पोहोचला.

यादी उघडली. निरोप नव्हता. पुन्हा लिहिला, पुन्हा खाट कोरी ठेवली. पोहोचला. यादीत नाही. खाट बारा केली, यादीत हजर. मी खुर्चीवर टकटक केली.

“सामसूम, जरा इकडे वळ. तुझ्या घरात मांजर शिरलंय. दूध आत जातं, भांडं रिकामं.”

तो वळला. मी पुन्हा करून दाखवलं. त्यानं माझ्याच मशीनवर त्याचा जुना कोड उघडला आणि खाली सरकत गेला.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की काहीतरी चुकणार. म्हणून तो दोन कंस लिहितो. पहिल्या कंसात, हे करून बघ. दुसऱ्या कंसात, नाही जमलं तर काय करायचं ते. कोणाला तरी कळव, वहीत नोंद कर, समोरच्याला सांग की झालं नाही, परत प्रयत्न करा. दुसरा कंस रिकामा ठेवला तरी प्रोग्रॅम चालतो. उलट फारच छान चालतो. पडत नाही, ओरडत नाही. चूक त्या कंसात येते आणि तिथेच संपते, आणि प्रोग्रॅम काहीच न झाल्यासारखा पुढची ओळ वाचतो. पुढची ओळ होती, निरोप पोहोचला.

सामसूमचा दुसरा कंस अगदीच रिकामा नव्हता. प्रोग्रॅम वाचत नाही अशी एक टीप त्यानं स्वतःसाठी आत लिहून ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत मराठी, आम्ही सगळे लिहितो तशी. नंतर बघू. शेजारी तारीख. सात वर्षांपूर्वीची.

मला हसू आलं, कारण अशी टीप आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी लिहिलेली असते. मग मी त्याच्याकडे पाहिलं.

“कोऱ्या रकान्याचा आकडा होत नाही,” तो म्हणाला. “तिथे चूक उठते. मी ती पकडली.”

“आणि?”

“गिळली.”

भिंत थरथरत होती. तो बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिला. मग स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, “दादाला खाटेचा नंबर मी कळवलाच नव्हता.”

त्या रकान्यामुळे नेमकं काय होत होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. गावातल्या माणसाला खाट ठाऊक असते, तो काल येऊन गेलेला असतो. त्याचा निरोप पोहोचला नसता तरी फार बिघडलं नसतं. ज्याला येताच येत नव्हतं, ज्याच्यासाठी हे पान बांधलं, तोच रकाना कोरा ठेवत होता. आणि मी सात वर्षं तिथे बारा लिहीत होते. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे.

गिळलेल्या चुकीचा मागमूस राहत नाही. पण सामसूमला आणखी एक गोष्ट आठवली. पान बांधताना पहिल्या आठवड्यात त्यानं एक ओळ घातली होती, येणारा प्रत्येक मजकूर आणि त्याला गेलेलं उत्तर जसंच्या तसं एका फाइलमध्ये टाकणारी. तपासण्यापुरती. फाइलचं नावही ‘तात्पुरतं’. काढायची राहिली होती. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणून ठेवलेलं माणसाच्या पश्चातही टिकतं.

फाइल होती. आम्ही तिच्यातले खाट नसलेले निरोप वेगळे काढले. चारशे तेरा.

भर दुपार होती, ट्यूबलाइट चालू होते, पलीकडे धुलाईखान्यातली माणसं क्रिकेटवरून भांडत होती. आम्ही दोघं शेजारी खुर्च्या ओढून वाचत होतो. बाबा, तुमचा चष्मा सापडला, फ्रिजच्या वर होता. मावशी, तू म्हणालीस तसं मागचं दार रोज ओढून बघते. आजोबा, मी पास झालो, गणितातसुद्धा. मांजर जेवतंय, काळजी करू नये. तुम्हाला राग आला असेल तर बरं होऊन घरी या आणि ओरडा. एकानं फक्त आपलं नाव लिहिलं होतं, चार वेळा. हे सगळं कोणाच्या तरी कानात जाण्यासाठी लिहिलेलं होतं, आणि ते कान आता बहुतेक नव्हते. वाचताना मला वाटत होतं की आपण दुसऱ्याच्या दाराला कान लावून उभे आहोत आणि आत बोलणाऱ्याला ठाऊक नाही की त्या खोलीत कोणी राहत नाही.

आईच्या अकरा दिवसांपाशी आल्यावर सामसूमनं माऊस मला दिला. दादाचे तीन निरोप होते. दुसऱ्या दिवसाचा, सहाव्याचा आणि नवव्याचा.

पहिला: आई, मी बोलतोय. रागावू नकोस, बरी हो.

दुसरा: आई, बारक्यानं सांगितलं हे तुला वाचून दाखवतात. उत्तर नको. तू ऐकलंस एवढं पुरे. चुकलं माझं.

तिसरा: मी निघालोय. पोचेपर्यंत थांब.

प्रत्येकाच्या खाली त्याच मिनिटाची नोंद होती, आमच्याकडून दादाला गेलेल्या पोचेची.

सामसूमनं ते तीन निरोप एका कागदावर छापले, घडी न घालता हातात धरले आणि चौथ्या मजल्यावर निघाला. मी मागोमाग गेले. का गेले सांगता येणार नाही. निरोपबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर डबा संपवून बसली होती. त्यानं तिला विचारलं, सहा वर्षांपूर्वीची एकोणीस नंबरची बाई आठवते का, माझी आई होती. ती म्हणाली, आठवते की. केसवाल्या आजी.

“केसवाल्या?”

“अकराच्या आधी केस विंचरून बसायच्या. रोज. मी आले की विचारायच्या, माझा कागद आहे का? मी म्हणायची, आज नाही हो आजी. मग म्हणायच्या, मागच्या बाजूला असेल, बघा बरं. मी आपली हातातला कागद उलटा करून दाखवायची. कोरा असायचा.”

सामसूम रोज दुपारी एकला आईकडे जायचा. तोवर केस पुन्हा विस्कटलेले असायचे. आईनं त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. मला मध्ये घालू नका म्हणून त्यानंच सांगून ठेवलं होतं ना.

खाली आल्यावर त्यानं आधी कोड दुरुस्त केला. दुसऱ्या कंसातली टीप पुसली. तिथे लिहिलं की नोंद कर, निरोपबाईला कळव, आणि समोरच्याला सांग, ‘तुमचा निरोप अजून पोहोचलेला नाही.’ मी तपासलं. खाट कोरी ठेवून, पाच वेळा. मग आम्ही साहेबांकडे गेलो.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. विचारलं, आता चालतंय ना? चालतंय. मग झालं तर. सामसूम म्हणाला, चारशे तेरा जणांना कळवायला हवं. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. अरे, लोक विसरले असतील. कशाला खपल्या काढायच्या? तू असा मुका माणूस, आजच तुला कंठ फुटला? आणि मग अगदी मायेनं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ते नंतर बघू.”

सामसूमचा खांदा त्या हाताखालून निसटला.  तो जिना उतरून खोलीत आला, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. आमच्या तळघरात धुलाईच्या घरघरीत फोन कानाला लावून काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे स्पीकर चालू करून बोलतो. त्यानंही सवयीनं तेच केलं. मी उठायला लागले तर त्यानं हातानं बस म्हटलं.

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. पलीकडे नळ चालू होता.

“कोण?”

“मी. बारक्या.”

नळ बंद झाला. दादानं विचारलं, काय काम आहे. सामसूमनं एका दमात सांगितलं. तुझे तिन्ही निरोप आले होते. माझ्या चुकीनं आत अडकले. आईपर्यंत गेले नाहीत. आज सापडले. तू खोटं बोलला नव्हतास, मी बोललो. माझ्या पानानं तुला खोटी पोच दिली, आणि मी त्या पानाच्या जिवावर तुला खोटं ठरवलं.

 फोन चालू असल्याचे सेकंद स्क्रीनवर पुढे सरकत होते. मी ते पाहत होते. एक मिनिट चार सेकंद. पाच. सहा.

मग दादानं विचारलं, “आई विचारायची का माझ्याबद्दल?”

सामसूमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. नको सांगूस. नाही म्हण. ती शेवटी गुंगीत होती म्हण, तिला काही कळत नव्हतं म्हण. सहा वर्षांनंतर या खऱ्याचं कोणाला काय करायचंय, कोणाचं भलं होणार आहे? दुसऱ्यांच्या चुका शोधून खाणारी मी, पण त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं की त्यानं हेही गिळावं.

त्यानं माझ्यावरून नजर काढून टेबलावरच्या कागदाकडे नेली.

“रोज,” तो म्हणाला. “अकराच्या आधी केस विंचरून बसायची. कागद नाही म्हटलं की मागची बाजू बघायला सांगायची.”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा किंवा पडल्याचा आवाज आला. नंतर नुसता श्वास, आधी जोरजोरात, मग हळूहळू कमी होत गेलेला. सामसूमचं बोट फोनच्या लाल बटणापाशी गेलं. त्याला वाटलं असावं की आता आपल्याला इथे थांबायचा हक्क नाही.

“ठेवू नकोस,” दादा म्हणाला. “बोलू नकोस काही. पण ठेवू नकोस.”

“नाही ठेवत.”

त्यानं फोन टेबलावर उताणा ठेवला.  पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढली, एका बाईचा आवाज आला, कोण आहे हो, आणि दादानं तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. धुलाईखान्यातलं यंत्र थांबलं आणि माणसं त्यातून ओल्या चादरी बाहेर ओढायला लागली.

थोड्या वेळानं सामसूमनं, फोन तसाच चालू ठेवून, दादाचे तीन वगळून उरलेल्या चारशे दहा निरोपांची यादी माझ्याकडे सरकवली. मी टेबलावरचा ऑफिसचा फोन ओढून घेतला. पहिला नंबर बाबांचा चष्मा सापडलेल्या मुलीचा होता.